छोट्या इंजिनांचे दिवे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मॉडेल रेल्वेच्या छंदाविषयी या सदरासाठी प्रश्न मागवले, तेव्हा रूळ, सांधे आणि बोगदे यांविषयीची पत्रे अधिक येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेकांनी विचारले ते दिव्यांविषयी. त्यात नवल नाही. खोलीतला दिवा मालवून इंजिनाचा हेडलाइट लावला की पाच फुटी फळीवरचा रूळसुद्धा लांबवर गेल्यासारखा भासतो, आणि ज्याने हे एकदा पाहिले त्याला बिनदिव्याचे इंजिन पुढे फारसे रुचत नाही. एकाच मुद्द्याची पत्रे येथे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझा संच एचओ (१:८७) मापाचा असून साध्या डीसी कंट्रोलरवर चालतो. गाडी वेगात असताना इंजिनाचा दिवा लखलखतो, वेग कमी केला की मिणमिणतो आणि स्थानकात गाडी थांबली की विझतो. दिवा सारखा पेटता ठेवता येईल काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमच्या संचात दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. डीसी पद्धतीत रुळांतून येणारा शून्य ते १२ व्होल्टचा दाब हाच मोटरचा वेग ठरवतो आणि दिवाही त्याच दाबावर जगतो. गाडी थांबवायची म्हणजे दाब शून्यावर आणायचा. मग दिव्याने पेटावे कशावर?

यावर जुन्या हौशी मंडळींनी काढलेली एक युक्ती आजही उपयोगी पडते. मोटरच्या वाटेत सिलिकॉन डायोडच्या, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांच्या, दोन जोड्या एकमेकींना समांतर पण उलट दिशेने बसवतात. प्रत्येक डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट पडतात, म्हणून गाडी कोणत्याही दिशेने जात असली तरी एका जोडीवर साधारण १.४ व्होल्ट मिळतात आणि मोटरचा वेग वाढला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. या जोडीला समांतर असा दीड व्होल्टचा गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब जोडला, की मोटर हलण्याच्या आधीच तो पेटू लागतो आणि पुढे एकसारखा तेवतो. मोटरला मात्र तेवढा दाब कमी मिळतो, त्यामुळे गाडीचा कमाल वेग थोडा उतरेल. घरातल्या मांडणीवर त्याने काही बिघडत नाही. बहुतेकांच्या गाड्या तशाही गरजेपेक्षा जास्तच पळत असतात.

दुसरा मार्ग इंजिनाला हात न लावता कंट्रोलर बदलण्याचा. सलग दाब कमीजास्त करण्याऐवजी पूर्ण १२ व्होल्टचे तुटक ठोके देणारे कंट्रोलर मिळतात. ठोके अगदी आखूड असताना मोटर जागची हलत नाही, परंतु प्रत्येक ठोका पुऱ्या दाबाचा असल्यामुळे एलईडी त्यावर व्यवस्थित पेटतो. अशा रीतीने स्थानकात उभ्या असलेल्या गाडीचा दिवाही जळत ठेवता येतो. डायोडच्या युक्तीने हे साधत नाही, कारण तेथे रुळांतला प्रवाह पूर्ण बंद झाला की दिवाही जातोच. उभ्या इंजिनाचा दिवा हवा असेल आणि हौस टिकणार याची खात्री असेल, तर डीसीसी या अंकीय पद्धतीकडे वळावे. तिच्यात रुळांवर सतत पूर्ण दाब असतो आणि इंजिनातला डिकोडर मोटर व दिवे यांचा कारभार वेगवेगळा पाहतो.

प्रश्न : बल्ब काढून पांढरा एलईडी लावला. एका दिशेला क्षणभर झगझगीत पेटला आणि गेला. दुसरा लावला, त्याचेही तसेच झाले. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या पत्रात रेझिस्टरचा, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या रोधकाचा, उल्लेख नाही, त्यावरून तो लावलाच नसावा असे दिसते. बल्ब आपला प्रवाह आपणच आवरतो. एलईडीला ते जमत नाही. पांढऱ्या एलईडीला पेटण्यासाठी सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास. उरलेला दाब रेझिस्टरने अंगावर घ्यायचा असतो. हिशेब सोपा आहे : रुळांवरचे १२ व्होल्ट उणे एलईडीचे ३ व्होल्ट म्हणजे ९ व्होल्ट, आणि त्याला हव्या असलेल्या प्रवाहाने भागायचे. एक किलोओहमचा रेझिस्टर लावला तर ९ मिलिअँपिअर प्रवाह वाहील. एलईडीच्या पाकिटावर २० मिलिअँपिअर छापलेले असते, म्हणून हे सुरक्षितच आहे; परंतु माझ्या मते इंजिनासाठी तेही फार झाले. मी ४.७ किलोओहमपासून सुरुवात करतो, म्हणजे प्रवाह २ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो, आणि पुष्कळदा १० किलोओहमवर जाऊन थांबतो. या किमतींना पाव वॉटचा रेझिस्टर पुरून उरतो.

एलईडीचे दुसरे वैर उलट्या दाबाशी. साधारण ५ व्होल्टपलीकडचा उलटा दाब सहन करण्याची हमी त्याचे निर्माते देत नाहीत, आणि डीसी संचात गाडीची दिशा बदलली की रुळांवरचे ध्रुवही बदलतात. म्हणून एलईडीला उलट दिशेने समांतर असा १एन४१४८ जातीचा छोटा डायोड जोडावा, म्हणजे उलटा दाब त्या वाटेने निघून जातो. पुढच्या आणि मागच्या तोंडाला एकेक एलईडी लावणार असाल तर डायोडचीही गरज नाही. दोन्ही एलईडी एकमेकांना समांतर पण उलट दिशेने जोडून दोघांत एक सामाईक रेझिस्टर द्यावा. एक पेटलेला असताना दुसऱ्यावर ३ व्होल्टपेक्षा अधिक उलटा दाब येत नाही, आणि गाडी ज्या दिशेने जाईल त्या बाजूचा दिवा आपोआप लागतो. हे सारे सामान नाशिकला न मिळाल्यास पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथे काही रुपयांत मिळते. डझनानेच घ्यावे. हे सुटे भाग जमिनीवर पडले की पुन्हा सापडत नाहीत.

प्रश्न : एलईडी नीट पेटतो, परंतु प्रकाश निळसर दिसतो आणि इंजिनाचे सबंध तोंडच उजळून निघते. जुन्या इंजिनाचा तो पिवळसर उजेड कसा आणावा? (दोन वाचक, कोल्हापूर आणि ठाणे)

उत्तर : या प्रश्नात तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत : रंग, गळती आणि तीव्रता. शेवटची सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच लोक सर्वांत कमी लक्ष देतात.

रंगाचे उत्तर दुकानातच आहे. ६००० केल्व्हिनच्या आसपासचा शीत पांढरा एलईडी आजच्या इंजिनांना शोभतो. तापलेल्या तारेच्या आणि हॅलोजनच्या दिव्यांच्या काळातील इंजिनाला ३००० केल्व्हिनच्या आसपासचा उबदार पांढरा घ्यावा. हाती शीत पांढराच असेल तर त्याच्या तोंडावर पारदर्शक नारिंगी रंगाचा पातळ हात द्यावा. टामियाचा एक्स-२६ हा रंग त्यासाठी चांगला. केवळ पिवळा रंग दिला तर उजेडात हिरवट झाक येते, असा माझा अनुभव आहे. जुने ३ मिलिमीटरचे पिवळे एलईडी मात्र हेडलाइटसाठी वापरू नयेत. त्यांचा पिवळेपणा सिग्नलचा असतो, दिव्याचा नव्हे.

गळतीचे कारण प्लॅस्टिक. इंजिनाची कवचे पातळ असतात आणि आतला एलईडी सर्व बाजूंना उजेड फेकतो, त्यामुळे खिडक्या, जाळ्या, कवचाचे सांधे आणि कधी कधी थेट रंगवलेली भिंतसुद्धा उजळते. कवच आतून आधी काळ्या आणि मग रुपेरी रंगाने रंगवावे. काळा प्रकाश अडवतो, रुपेरी तो पुढे ढकलतो. एलईडीवर काळ्या हीट श्रिंक (तापवल्यावर आक्रसणाऱ्या) नळीचा तुकडा चढवून फक्त तोंड उघडे ठेवावे. काही इंजिनांत एलईडी मध्यभागी असतो आणि प्रकाश पारदर्शक दांडीतून तोंडापर्यंत नेलेला असतो. त्या दांडीच्या कडाही रंगवल्या पाहिजेत, नाहीतर वाटेत उजेड सांडतो. जागा अगदीच कमी असेल तर ०६०३ मापाचा एलईडी घ्यावा. तो १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो, म्हणून तो थेट दिव्याच्या वाटीतच बसतो. त्याला इनॅमलच्या केसासारख्या तारा आधीच जोडलेल्या असतील असाच घ्यावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी त्यावर स्वतः कथलाचा डाग देण्याच्या भानगडीत पडू नये.

आता तीव्रता. सात इंच व्यासाची खऱ्या हेडलाइटची काच १:८७ या प्रमाणात जेमतेम २ मिलिमीटरची होते. तेवढ्या ठिपक्यातून १० मिलिअँपिअरचा उजेड बाहेर पडला की पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येते आणि ज्या इंजिनासाठी एवढा खटाटोप केला ते दिसेनासेच होते. हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलँडमध्ये, म्हणजे ब्राउन बंधूंनी २००१ साली सुरू केलेल्या त्या अवाढव्य मांडणीत, दर १५ मिनिटांच्या आसपास दिवस मावळतो आणि रात्र होते. तेथे संध्याकाळ खरी वाटते ती एकही दिवा दुसऱ्याला गिळून टाकत नाही म्हणून. घरी हीच कसोटी लावावी : खोलीत संध्याकाळएवढा उजेड ठेवून तीन फुटांवरून इंजिनाकडे पाहावे, आणि दिव्याभोवतीचे रिव्हेट, काचेची कडा दिसत नसतील तर रेझिस्टर वाढवावा. जवळजवळ प्रत्येक वेळी तो वाढवावाच लागतो.

प्रश्न : डब्ल्यूडीएम-२ या भारतीय डिझेल इंजिनाचे मॉडेल तयार करत आहे आणि त्यात आठ पिनांचा डिकोडर बसवायचा आहे. कोणती तार कोठे जोडावी, आणि भारतीय इंजिनाला नेमके कोणते दिवे हवेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : डिकोडरच्या तारांचे रंग अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, म्हणजे १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेने, ठरवून दिलेले आहेत, त्यामुळे निर्माता कोणताही असला तरी गोंधळ होत नाही. तांबडी तार उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची. नारिंगी आणि करडी मोटरच्या. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, हिरवी आणि जांभळी जास्तीच्या दिव्यांसाठी. निळी तार सर्व दिव्यांची सामाईक धन तार होय. एलईडीचा लांब पाय निळ्या तारेला आणि आखूड पाय रेझिस्टरमार्गे पांढऱ्या किंवा पिवळ्या तारेला जोडावा. येथे रुळांवर साधारण १४ व्होल्ट असतात, म्हणून वर सांगितलेल्या ४.७ किलोओहमवर प्रवाह २.३ मिलिअँपिअर होईल.

एक धोका आवर्जून सांगतो. जुन्या धातूच्या चासीच्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश आणि बल्बचे एक टोक चासीलाच टेकलेले असते, आणि चासी एका रुळाशी जोडलेली असते. डिकोडर जोडण्यापूर्वी हे दोन्ही चासीपासून पूर्णपणे तोडले पाहिजेत आणि मीटर लावून खात्री करून घेतली पाहिजे. माझा पहिला डिकोडर या चुकीपायी धूर सोडून गेला. निळी तार कोणत्याही धातूला उघडी टेकू देऊ नये. जुना तारेचा बल्ब ठेवायचाच असेल तर त्याच्या वाटेत २२ ते ३३ ओहमचा रेझिस्टर द्यावा, कारण गार फिलामेंटचा रोध तापलेल्याच्या मानाने फार कमी असतो आणि पेटण्याच्या क्षणी तो डिकोडरकडून एकदम मोठा प्रवाह खेचतो.

दिव्यांची निवड मात्र दुकानदाराला नव्हे, रेल्वेच्या नियमांना विचारून करावी. आपल्याकडे रात्री धावणाऱ्या गाडीच्या इंजिनाला पुढे हेडलाइट आणि दोन पांढरे मार्कर दिवे असतात. फक्त शंटिंगसाठी ठेवलेल्या इंजिनाला रात्री पुढे आणि मागे तांबडे मार्कर दिवे लावतात, म्हणून तुमचे इंजिन यार्डात काम करणार असेल तर दोन्ही टोकांना तांबड्या एलईडीची सोय करावी. याखेरीज आपल्या इंजिनांवर पिवळसर नारिंगी फ्लॅशर असतो. गाडी अनपेक्षित थांबली, लगतचा मार्ग अडला असण्याची शक्यता निर्माण झाली, की समोरून येणाऱ्या गाडीला सावध करण्यासाठी लोको पायलट तो सुरू करतो. तो धोक्याचा दिवा आहे, शोभेचा नव्हे. प्रदर्शनांत धावत्या गाडीवर तो सतत उघडझाप करताना दिसतो, तेव्हा रेल्वेत नोकरी केलेल्या प्रेक्षकांच्या जिवाचे पाणी होत असेल. हिरव्या तारेवर तो जरूर जोडा, परंतु वेगळ्या बटणावर ठेवा. कोणत्या बटणाने कोणती तार चालावी हे डिकोडरच्या स्मृतीतल्या सीव्ही ३३ पासूनच्या नोंदींत ठरवता येते; ३३ म्हणजे पुढे जातानाचे एफ शून्य (दिव्यांचे बटण), ३४ मागे जातानाचे आणि ३५ म्हणजे एफ एक.

हेडलाइट मंद करण्याची सोय डिकोडरमध्ये असल्यास तीही वापरावी. दुहेरी मार्गावर समोरून गाडी येत असताना हेडलाइट मंद करण्याची खऱ्या रेल्वेत रीत आहे, आणि मांडणीवर दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना हे केले तर त्या दृश्याला जी जिवंतता येते ती महागड्या आवाजी डिकोडरनेही येत नाही. गाडीच्या शेवटी एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी आणि तांबडा टेल लॅम्प असावाच. इंजिनाला सहा दिवे आणि शेवटचा डबा अंधारात, असे मॉडेल शेपूट तुटलेल्या गाडीसारखे दिसते.

प्रश्न : माझे अमेरिकी डिझेल इंजिन सत्तरच्या दशकातील रंगसंगतीचे आहे. त्याला खालच्या बाजूचे दोन डिच लाइट बसवावेत काय? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : बसवू नयेत. रस्त्यावरच्या फाटकांतून ताशी २० मैलांहून अधिक वेगाने जाणाऱ्या इंजिनांना हेडलाइटशी त्रिकोण साधणारे साहाय्यक दिवे १९९७ च्या अखेरीपर्यंत बसवण्याचे बंधन अमेरिकेच्या संघराज्य रेल्वे प्रशासनाने घातले, आणि ते तेथे सर्वत्र दिसू लागले ते प्रामुख्याने त्या सुमारास. तुमच्या काळातील काही कंपन्यांच्या इंजिनांवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा झोत फिरवणारा मार्स लाइट असे. तो दाखवण्याची सोय बऱ्याच डिकोडरांत तयार मिळते. आधी आपल्या इंजिनाच्या क्रमांकाचे त्या वर्षांतले छायाचित्र शोधावे आणि मगच ड्रिल हाती घ्यावे.

प्रश्न : विदेशातून येणाऱ्या बातम्या संभ्रमात टाकतात. एकीकडे नवे टीटी माप आले म्हणतात, दुसरीकडे मोठी दुकाने बंद होतात. नवीन सुरुवात करणाऱ्याने कोणते माप घ्यावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. ब्रिटनच्या हॉर्नबी कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये १:१२० प्रमाणातील टीटी मालिका जाहीर केली. १९४६ मध्ये लिव्हरपूलमध्ये सुरू झालेल्या हॅटन्स या मॉडेल रेल्वेच्या दुकानाने जानेवारी २०२४ मध्ये व्यवसाय थांबवत असल्याचे सांगितले. त्याच वर्षी १९३४ पासून निघणारे ‘मॉडेल रेलरोडर’ हे अमेरिकी मासिक फायरक्राउन या कंपनीकडे गेले. यावरून छंदाचे मरण जवळ आले असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. जर्मनीची मेर्कलिन कंपनी २००९ मध्ये, आपल्या स्थापनेच्या दीडशेव्या वर्षीच, दिवाळखोरीत गेली होती. २०१३ मध्ये ती नव्या मालकाकडे आली आणि आजही इंजिने करते.

मापाचे म्हणाल तर सोलापूरकराला मी वेगळे गणित सुचवीन. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे आहे. एचओच्या १:८७ प्रमाणात रूळ १९ मिलिमीटरहून थोडे अधिक रुंद हवेत, पण बाजारातले १६.५ मिलिमीटरचेच असतात, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय-अमेरिकी रुळांसाठी केलेले आहेत. म्हणून भारतीय इंजिने एचओच्या रुळांवर नेहमी किंचित अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसतात. मात्र एका फुटाला ३ मिलिमीटर हे प्रमाण धरले, तर आपले साडेपाच फूट अचूक १६.५ मिलिमीटर होतात! इंजिनाचे कवच त्या प्रमाणात स्वतः करण्याची तयारी असेल, तर बाजारातले एचओ रूळ आपल्या ब्रॉडगेजसाठी बिनचूक ठरतात.

आणि तुमच्या दारातच बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास आहे. तिचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे होते. १:८७ मध्ये ते ८.८ मिलिमीटर होतात, आणि एन या एचओहून लहान मापाचे बाजारातले रूळ ९ मिलिमीटरचे असतात. एन मापाच्या चासीवर एचओ प्रमाणाचे कवच चढवले की बार्शीचे इंजिन तयार होऊ शकते, आणि मोठ्या कवचात लहान चासी असल्यामुळे डिकोडर व दिव्यांसाठी जागाही उरते. मॉडेल रेल्वे प्रत्यक्ष पाहूनच निर्णय घ्यायचा असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात एक दुपार काढावी.

प्रश्न : सांध्यांवरून जाताना दिवे लुकलुकतात. (अनेक वाचक)

उत्तर : आधी चाके आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. पॉलिश पेपर मुळीच वापरू नये. त्याच्या ओरखड्यांत घाण अधिक साचते. तरीही लुकलुक राहिली तर डब्यांच्या दिव्यांसाठी ब्रिज रेक्टिफायरच्या, म्हणजे दोन्ही दिशांचा प्रवाह एकाच दिशेला वळवणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीच्या, पुढे २५ व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरडचा, वीज साठवणारा कपॅसिटर जोडावा. दिव्यांचा प्रवाह ५ मिलिअँपिअर असेल आणि दाब ५ व्होल्ट उतरेपर्यंत चालणार असेल, तर जवळजवळ अर्धा सेकंद ते तग धरतात आणि तेवढ्यात गाडी सांधा ओलांडून जाते. डीसीसीवर कपॅसिटरच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर एक डायोड द्यावा, म्हणजे भरताना प्रवाह आवरला जातो आणि रिता होताना अडत नाही. डिकोडरला मात्र कपॅसिटर परभारे जोडू नये. त्याच्या निर्मात्याने त्यासाठी दिलेल्या तारांनाच जोडावा, आणि तशा तारा नसतील तर ते काम जाणकाराकडून करून घ्यावे.